मुलांसाठी इलेक्ट्रिक गिटार : निवड व खरेदी

परीक्षा संपल्या किंवा नाताळ जवळ आला की घराघरांत गिटारची मागणी पुढे येते आणि पालक सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत कपाटावर धूळ खात पडलेली एक गिटार आहे. विचारले असता ‘मुलाला चिकाटीच नाही’ असे उत्तर मिळते. ती खाली काढून वाजवून पाहिली, तर बहुधा वेगळेच आढळते. तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की मोठ्या माणसाचीही बोटे दुखावीत. अशा वाद्यापुढे लहान मूल हरले, तर दोष त्याचा मानू नये.

‘आधी साधी गिटार शिकू दे, इलेक्ट्रिक नंतर पाहू’ असे अनेकजण म्हणतात. ह्या मताशी आम्ही सहमत नाही. साध्या लाकडी गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून येतो. त्यासाठी जाड व ताणलेल्या तारा लागतात. धातूच्या तारांच्या साध्या गिटारवर सर्वांत बारीक तार सामान्यतः ०.०१२ इंच जाडीची असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तारेच्या कंपनाने त्यात विद्युतसंकेत निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. त्यामुळे ०.००९ इंचाची तारही पुरते (दुकानात ह्यास ‘नऊ नंबरचा सेट’ म्हणतात) व कोवळ्या बोटांना ती कमी दाबावी लागते. नायलॉनच्या तारा मऊ असतात खऱ्या, परंतु त्या गिटारचा दांडा रुंद असतो. शिवाय इलेक्ट्रिक गिटारच्या चुंबकावर नायलॉनचा काहीच परिणाम होत नाही.

मापाकडे विशेष लक्ष द्यावे. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तारेची कंप पावणारी लांबी २५.५ इंच आहे व आजही बहुतेक गिटार ह्याच्या आसपासच्या असतात. स्क्वायरची मिनी स्ट्रॅट २२.७५ इंचांची, तर आयबानेझची मिक्रो २२.२ इंचांची आहे. सात-आठ वर्षांच्या मुलास ही लहान मापे सोयीची होतात. अकरा-बारा वर्षांचे मूल बहुधा पूर्ण मापाची गिटार पेलू शकते. वयापेक्षा हाताची परीक्षा खरी. मुलाला बसवून डाव्या हाताचे बोट पहिल्या पट्टीवर ठेवायला सांगावे. कोपर पूर्ण ताठ होत असेल, तर गिटार मोठी आहे. डावखुऱ्या मुलासाठी उलट बांधणीची गिटार मिळते. मात्र निवड कमी असते. खरेदीला मुलाला बरोबर न्यावे हे वेगळे सांगायला नको, तरी वाढदिवसाच्या आश्चर्यापायी ते राहून जाते.

बाराव्या पट्टीवर तार सुमारे दोन मिलिमीटर उंच असावी. ती अधिक असल्यास दुकानातच कारागिराकडून कमी करून घ्यावी. तारा ताणणारी-सैल करणारी हलती दांडी व कुलुपबंद खुंट्या असलेली गिटार नवशिक्यासाठी घेऊ नये. एक तार बदलताना सगळ्याच बेसूर होतात.

सगळा पैसा गिटारवर खर्च करू नये. घरात दहा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ होतो. त्याला हेडफोनची सोय असावी. मात्र आवाज बेताचा ठेवावा. शेजाऱ्यांची काळजी असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अ‍ॅम्प्लिफायर न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार साध्या गिटारपेक्षा फारच हळू वाजते.

आता विजेविषयी, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. वाजवणाऱ्याचा हात धातूच्या तारांवर असतो व त्या तारा वायरीने अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. जुन्या घरांत अर्थिंग नसणे नवलाचे नाही. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास तारांतून धक्का बसू शकतो. म्हणून वायरमनकडून प्लगपॉइंट तपासून घ्यावा आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. अमेरिकेतील नातलग प्रेमाने गिटारबरोबर अ‍ॅम्प्लिफायरही पाठवतात. गिटार येथे निर्धास्त वापरावी. परंतु १२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतो. तो येथेच घेणे बरे.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तारांना गंज चढतो. वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि गिटार बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये.