आजोबांचं टेबल आणि पळसावरचा किडा

मागच्या पावसाळ्यात आजोबांच्या सागवानी टेबलाला मी पॉलिश पेपर मारायला घेतला. चार व्हिडिओ बघून आत्मविश्वास आला होता, वरून पीयू मारायचा बेत होता. अर्धी फळी घासून झाली तेव्हा शेजारच्या गल्लीतले पॉलिशवाले काका डोकावले. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून न घासलेल्या भागावर टेकवला. तेवढी जागा चिकट झाली, कापूस तांबूस.

"लाख आहे रे ही. घासायला कशाला गेलास?"

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे जुना थर मऊ करून तिथेच पुन्हा बसवता येतो. पीयू एकदा वाळलं की अनडू नाही. आणि मी घासून काढलेल्या भागालाही नव्हतं.

मग रात्री लॅपटॉपवर लाखेच्या मागे लागलो.

पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषतो आणि अंगाभोवती राळ सोडतो. ती राळ म्हणजे लाख. महाभारतातलं लाक्षागृह आपल्याला पाठ असतं, पण ईस्ट इंडिया कंपनीला रस होता तो लाखेतल्या लाल रंगात. 1856 साली विल्यम पर्किनने लंडनमध्ये कृत्रिम जांभळा रंग बनवला. पाठोपाठ कृत्रिम लालही आले आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. मग सगळं उलटं झालं: रंग धुऊन टाकायचा, राळ ठेवायची.

ती राळ तयार करायची पद्धत मला अजून अचाट वाटते. धुतलेली लाख लांबलचक कापडी पिशवीत भरायची, विस्तवासमोर धरून पीळ देत जायचा. वितळलेली लाख कापडातून पाझरते. तिची गरम पोळी एक कारागीर हात, पाय आणि दात लावून ताणायचा, पार चामड्याएवढी. गार झाल्यावर तिचे तुकडे पाडले की झाला चपडा.

हाच चपडा युरोपात फ्रेंच पॉलिश होऊन फर्निचरवर चढला. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, त्या तबकड्यांतही हीच लाख. म्हणजे बालगंधर्वांची पदं आणि आजोबांचं टेबल, दोन्ही एकाच किड्याची देणगी! 1924 मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेची संशोधन संस्था उभी राहिली. पुढे व्हिनाइल आलं, फर्निचरला नवी लॅकर आली.

चपडा स्पिरिटमध्ये भिजवून मी लगेच लावायला निघालो, तर काकांनी पुन्हा अडवलं. दमट हवेत थर पांढरा पडतो. दिवाळीपर्यंत थांबलो. मग मलमलीत गुंडाळलेल्या बोळ्याने, पातळ हात, वाळवण, पुन्हा हात. दहाव्या हाताला कुठे लाकडात खोली दिसू लागली.

न घासलेल्या अर्ध्यावर गरम कपाचं एक पांढरं वर्तुळ आहे, आजोबा बसायचे त्या बाजूला. काका म्हणाले, दोन मिनिटांत घालवतो. मी नको म्हटलं.