विकास आराखडा टिकतो म्हणजे काय? कोळवण खोऱ्यातून एक शंभर वर्षांचा हिशेब

कोळवणमध्ये उभं राहून विकास आराखड्यावर बोलायचं म्हणजे जरा जोखीमच आहे. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी असे आराखडे माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत, काहींनी तर त्यांवर सह्याही केल्या असतील. मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. आमच्याकडे भांडवल एकच, शब्दाचा अर्थ विचारत बसायचं. तेच आज करणार आहे. फक्त उदाहरणं इथली, मुळशी तालुक्यातलीच घेईन.

शब्द आहे ‘शाश्वत’. 1987 साली ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आला, आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्यांच्या तोंडचा घास काढू नये असा त्याचा मथितार्थ, आणि हळूहळू तो विचार सरकारी कागदात आला. मराठीत त्याला आपण ‘शाश्वत विकास’ म्हणायला लागलो. आता गंमत पाहा. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणतात आत्म्याला. पाझर तलावाला कोणी शाश्वत म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही. ‘टिकाऊ’ म्हणावं तर तो शब्द चपलांच्या दुकानातला. मला विचाराल तर कामाला तोच बरा, कारण चप्पल टिकाऊ आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती दिवस, आणि कुणाच्या पायात?

हा प्रश्न घेऊन पहिल्या उदाहरणाकडे जाऊ. आपल्या दक्षिणेला, डोंगरापलीकडे, मुळशी धरण आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईला वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरणाचा बेत केला. पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं. म्हणजे जे पाणी एरवी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते कुंडलिकेतून अरबी समुद्रात. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारं आहे. किंमत होती पन्नासच्या आसपास मावळी गावांची आणि भाताच्या खाचरांची.

1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं आपल्याला माहीत आहेत. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि जगातली पहिली धरणविरोधी चळवळ असं त्याचं वर्णन केलं. पण व्होरांच्या मांडणीतला माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. त्या जमिनींवर कष्ट करणारे मावळे होते, आणि कागदावर अनेक ठिकाणी मालकी किंवा गहाणखत पुण्याच्या सावकारांकडे होतं. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा लावला, मोबदल्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा सावकारांना पैशात रस होता. कुळाला जमीन हवी होती. एकाच आराखड्याकडे एकाच गावातले दोघे जण पाहत होते आणि दोघांचा हिशेब वेगळा होता. लढा 1924 पर्यंत ओसरला, धरण झालं.

आता प्रामाणिकपणे सांगा. टिकण्याची कसोटी लावली तर या तालुक्यातला सर्वांत यशस्वी आराखडा कोणता? हाच! शंभर वर्षं होत आली, धरण उभं आहे, वीज चालू आहे, देखभाल चोख आहे. तालुक्यातल्या एकाही पाझर तलावाच्या नशिबी ते भाग्य नाही. हे मान्य करायला जड जातं, पण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिकणं हा एक गुण आहे, न्याय हा दुसरा. पहिल्याचा पुरावा देऊन दुसरा सिद्ध झाल्यासारखं दाखवणं ही विकासाच्या चर्चेतली सर्वांत जुनी चलाखी आहे.

दुसरं उदाहरण थोडक्यात, कारण त्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलंय. लवासा. तालुका तोच, खोरं मोसे नदीचं. 2008 साली शहर बांधणाऱ्या कंपनीलाच राज्य सरकारने विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हा आराखडा न्याय्य होता का, हा वाद घालता येईल. टिकाऊ नव्हता, हे तर डोळ्यांसमोर आहे.

आता तिसरं, आपलं कोळवणचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वाळकी नदीचं हे खोरं, उत्तरेला तिकोना. पाऊस साधारण अठराशे मिलिमीटर. सोलापूरकराला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, तुम्हाला पाण्याची कसली अडचण? आणि तरीही वैशाखात इथल्या वाड्यांवर हंडे रांगेला लागत आलेत. कारण जमिनीखाली काळा कातळ. बेसाल्टचे थर, त्यात फटी आणि भेगा तेवढ्यात पाणी राहतं. पावसाळ्यात ही छोटीशी कोठी काठोकाठ भरते, आणि उतार इतका की दिवाळीनंतर ती झऱ्यांवाटे, ओढ्यांवाटे रिकामी होत जाते. इथली अडचण पाऊस कमी असण्याची नाही, तो मे महिन्यापर्यंत थांबत नाही ही आहे.

1990 च्या दशकात गोमुख या संस्थेने या खोऱ्यात पाणलोटाचं काम सुरू केलं. अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांची ती संस्था. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांचा जमाखर्च मांडणारं पुस्तक त्यांनी 1990 साली लिहिलं होतं. म्हणजे मोठ्या आराखड्याचा हिशेब तपासणारा माणूस छोट्या आराखड्याकडे वळला. चर, बांध, ओढ्यांवर बंधारे अशी कामं झाली. पण मला कौतुक वाटतं ते त्यानंतरच्या गोष्टीचं. 2000 नंतरच्या काही वर्षांत भूजलाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ या संस्थेने ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाबरोबरच्या एका प्रकल्पात इथे, चिखलगावच्या बंधाऱ्यांजवळ, प्रत्यक्ष मोजणी केली. पाऊस, ओढ्याचा प्रवाह, बंधाऱ्यातली पातळी, विहिरींची पातळी.

निघालं काय? बंधाऱ्यांमुळे भूजलात पडणारी भर, निसर्ग पावसाळ्यात स्वतः जी भर घालतो त्या तुलनेत थोडी. साधं आहे. कोठी आधीच भरलेली असेल तर वरून ओतलेलं जाणार कुठे? याचा अर्थ बंधारे फुकट गेले असा कोणी काढू नये. अडलेलं पाणी गुरांना मिळतं, कपडे धुवायला मिळतं, काठच्या शेताला मिळतं. पण ‘बंधारा बांधला म्हणजे विहिरी भरल्या’ हे वाक्य या कातळात जसंच्या तसं खरं नाही, हे मोजल्यामुळे कळलं. आपल्या गावाविषयी इतकं अडचणीचं सत्य हाताशी असणं ही मोठी मिळकत आहे. बहुतेक गावांकडे ती नसते.

कारण राज्यभर आपण उलटं केलं. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं. 2020 मध्ये महालेखापालांचा अहवाल विधिमंडळात आला. नऊ हजार सहाशे कोटींवर खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर राजकारण झालं, ते सोडून द्या. मला खुपतं ते हे, की आपण कामं मोजली. किती चर, किती बंधारे, किती घनमीटर गाळ. मे महिना कोणी मोजला नाही.

आणि आता ग्रामपंचायत विकास आराखडा. चौदाव्या वित्त आयोगापासून, 2015 पासून, पैसा थेट पंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. आपल्या राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे सुरू झाले. कल्पना उत्तम. पंधराव्या आयोगाने निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तेही बरं झालं. पण पैसा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो आणि ते वर्ष मार्चमध्ये संपतं. पाण्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. या दोन पंचांगांचा मेळ कुठल्याच नमुन्यात बसवलेला मला दिसला नाही. बंधाऱ्याचा पहिल्या वर्षीचा खर्च आराखड्यात असतो. पाचव्या वर्षी गाळ कोण काढणार, फळ्या कोणाच्या घरात ठेवणार, त्या चोरीला गेल्या तर नव्या कशातून आणणार, हे नसतं. हसू नका, फळ्या हाच खरा प्रश्न आहे.

शिवाय एक गृहीत आहे जे कोणी लिहीत नाही: की जमीन ज्याची आज आहे त्याचीच राहील. पुणे जवळ आलंय. डोंगरउतार विकले जातायत, फार्महाउसं उभी राहतायत. पाणलोटाचा आराखडा माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका विचाराने चालावा लागतो. माथा एकाच्या ताब्यात, पायथा दुसऱ्याच्या, आणि माथ्याचा मालक ग्रामसभेला कधी येतच नसेल, तर तो आराखडा पाळणार कोण? शंभर वर्षांपूर्वी कागद पुण्यात होता आणि नांगर मुळशीत. आज पुन्हा तसंच होऊ लागलंय. फरक एवढाच, की या वेळी कायद्याने सक्ती केलेली नाही. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. भातशेतीवर मुलाचं शिक्षण होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण आराखड्याचं मूल्यमापन करायला बसलेल्याने पहिल्या पानावर हेच विचारलं पाहिजे: दहा वर्षांनी या खोऱ्यात शेत कसणारे किती जण असतील? उत्तर ‘मूठभर’ असेल तर समतल चरांची रक्कम वेगळ्या नजरेने पाहावी लागेल, पिण्याच्या पाण्याची आणखी वेगळ्या.

मग करायचं काय, असं मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं. त्या स्वतः पंचायतीत आहेत. मी त्यांना म्हटलं, तज्ज्ञ बोलवायच्या आधी एक दोरी घ्या. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा. त्यातली एक तरी वरच्या वाडीतली असू द्या. दर अमावास्येला, म्हणजे तारीख विसरायला नको, पाणी किती हातांवर आहे ते वहीत लिहा. शाळेतली मुलंही करतील. तीन पावसाळे लिहा. ती वही ग्रामसभेत आराखड्याच्या शेजारी ठेवा, आणि वैशाखाचं पान उघडून ठेवा. त्या म्हणाल्या, सर, वही ऑनलाइन भरता येते का? म्हटलं, भरा की, पण मूळ वही गावातच ठेवा.

थांबतो. प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, हां, बोला दादा.