बाजाराचा मालकच दुकान मांडतो तेव्हा

इब्न खल्दून म्हटलं की आपल्याला राजघराण्यांचा उदय आणि अस्त आठवतो. मला मात्र त्याच्या 'मुकद्दिमा'तलं (१३७७) एक छोटं प्रकरण जास्त आजचं वाटतं. सुलतानाने स्वतः व्यापार करू नये, हा त्याचा विषय.

तो म्हणतो, प्रजेतल्या व्यापाऱ्यांची ऐपत जवळपास सारखी असते, म्हणून त्यांच्यात चढाओढ टिकते. सुलतान बाजारात उतरला की त्याच्यापुढे बोली कोण लावणार? तो माल पडत्या भावाने उचलतो आणि आपला माल मनमानी दराने व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारतो. त्यांचं भांडवल अडकतं, माणसं धंदा सोडतात, आणि शेवटी खजिन्यात येणारा महसूलही आटतो.

१४०६ मध्ये तो कैरोत वारला. पुढे त्याच शहरात सुलतान बर्सबायने (१४२२–३८) मिरीचा व्यापार आपल्या मुठीत घेतला. मिरी आपल्या मलबारकडची, बरं का!

२०१७ मध्ये युरोपीय आयोगाने गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. शोधनिकालात स्वतःची खरेदी-सेवा सर्वांत वर, आणि सगळ्यात पुढचा प्रतिस्पर्धीसुद्धा सरासरी चौथ्या पानावर. २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो दंड कायम केला. सेवा फुकट आहे, मग ग्राहकाचं नुकसान काय, असं अशा वेळी हमखास विचारलं जातं. इब्न खल्दूनची नजर ग्राहकाच्या पिशवीवर नव्हती. दुकान कोण बंद करतंय, हे तो पाहत होता. गुगलकडे फौज नाही, हा फरक मोठाच. पण चौथ्या पानापर्यंत जातो कोण?