सुटलेली नोकरी आणि माळावरची पाखरे

मंडळी, जालना म्हटले की आज तुमच्या डोळ्यांपुढे बियाण्यांच्या कंपन्या येतील, लोखंडाचे कारखाने येतील, मोसंबीच्या बागा येतील. पण पक्ष्यांच्या अभ्यासकाला विचारा, तो म्हणेल, जेर्डनचे जालना! हा जेर्डन मद्रास फौजेतला डॉक्टर. १८३७ च्या सुमारास घोडदळाच्या पलटणीबरोबर तो इथल्या छावणीत आला, काही वर्षे राहिला. दक्षिण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची जी यादी त्याने १८३९ पासून छापली, तीत जालन्याचे नाव पुन्हा पुन्हा येते.

त्या काळी माळढोक हा दांडगा पक्षी दख्खनच्या माळांवर मुबलक होता. इतका, की शेजारच्या नगर जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ पासून वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. गुरुजी, हे गणित वर्गात घालून पाहा.

पुढे नव्वद वर्षे लोटली. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. या संस्थानातल्या पक्ष्यांची शिस्तवार पाहणी झाली ती १९३१-३२ साली. आणि ती करणारा माणूस बेकार होता. हे मी मुद्दाम लिहितो. मोठ्या माणसांची चरित्रे आपण शेवटाकडून वाचतो, म्हणून त्यांची वाट आपल्याला सरळ दिसते.

हा माणूस म्हणजे सलीम अली. जन्म मुंबईचा, १८९६ चा. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात होते, पण तिथेही लक्ष पाखरांकडेच. परत आल्यावर पक्षीशास्त्राची सरकारी जागा मिळेना, कारण गाठीला विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगण्याच्या कामावर, दरमहा साडेतीनशे रुपयांची नोकरी मिळाली. त्या काळचे साडेतीनशे! बैठकीतल्या कोणीही म्हटले असते, आता गप्प बसा आणि पगार घ्या. पण दोन वर्षांत त्यांना त्या कामाचा कंटाळा आला. रजा घेऊन ते बर्लिनला गेले, स्ट्रेझमान या थोर पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले, आणि १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

वय चौतिशीकडे झुकलेले, घरी पत्नी, हाती पगार नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा वेळी दुसरी एखादी कारकुनी शोधली असती, आणि त्यात चूकही काही नाही. घर चालवणाऱ्याला बदलाचे भय वाटावे, हे साहजिकच आहे. सलीम अली आणि तहमीनाबाई अलिबागेजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे ते सुगरणीच्या खोप्यांपुढे तासन्‌तास बसत. नर अर्धवट खोपा विणतो, मादीला पसंत पडला तर ती तिथे नांदते, मग हा गृहस्थ दुसरा खोपा विणायला घेतो. सुगरणीचा हा संसार त्यांनी तिथेच उलगडला.

मग त्यांनी संस्थानांना सुचवले: माझी मजुरी देऊ नका, फक्त तंबूचा, प्रवासाचा आणि सामानाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातली पाखरे नोंदवून देतो. हैदराबादने ते मान्य केले. इंग्लंडात शिकलेल्या तहमीनाबाई नवऱ्याबरोबर रानोमाळ तंबूत राहू लागल्या. मला विचाराल तर, यातला धीर निम्मा त्यांचाच. पाहणीत पक्षी मारून नमुने घेत, हेही लपवू नये. तेव्हाची रीतच ती होती. त्या पाहणीचा वृत्तान्त १९३३-३४ साली छापून आला.

पुढे याच माणसाने माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा असे सुचवले. १९६३ साली मान मोराला मिळाला. १९७२ च्या कायद्याने माळढोकाच्या शिकारीवर कडक बंदी आली, आणि १९७९ साली सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य झाले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली. मग भय वाटू लागले शेतकऱ्याला: माझी जमीन विकता येईल का, विहीर खणता येईल का? ते भय खोटे नव्हते. पुढे अभयारण्य आटोपते घेतले गेले, १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. माळढोक मात्र आटतच गेला. आज सगळ्या देशात मिळून तो दीडशेच्या आसपास उरला आहे, बहुतेक राजस्थानात.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. गुरुजी, त्या आठवड्यात एका पहाटे पोरांना गावच्या गायरानावर न्या. टिटवी दिसेल, चंडोल दिसेल, बाभळीवर खाटीक बसलेला असेल. नावे, तारीख आणि गावाचे नाव वहीत लिहून ठेवा. जेर्डनने जालन्यात तेच केले होते.