औरस कोण, हे ठरवायचं कुणी?

आता सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’कडे येऊ. कादंबरी १९८१ची. १५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री मुंबईच्या प्रसूतिगृहात मेरी परेरा दोन बाळांची अदलाबदल करते. सिनाईंचा औरस मुलगा शिवा गरिबाघरी जातो. त्यांच्याकडे वाढतो तो सलीम. त्याची आई एका रस्त्यावरच्या गवयाची बायको, बाप मेथवोल्ड नावाचा इंग्रज. हे नाव उगाच आलेलं नाही. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीवर ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम मेथवोल्ड प्रमुख होता. म्हणजे बघा, नव्या देशाचं प्रतीक म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याच्या रक्तात जुना धनी आहे!

मग हिंसा कुठून येते? अनौरस सलीमकडून नव्हे. हक्क हिरावलेला औरस शिवा पुढे लष्करात मेजर होतो, आणि आणीबाणीत सलीमला पकडून देतो. तिथे मध्यरात्रीच्या मुलांची नसबंदी होते. ही निव्वळ कल्पना नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, कित्येक सक्तीनं. वंश कुणी वाढवायचा, हे सरकार ठरवू लागलं होतं.

आणि शेवटी सलीम कुणाला वाढवतो? शिवाच्या मुलाला, आदमला. रक्तानं सिनाईंचा खरा नातू तोच. पण सलीम त्याला सांभाळतो, तो हा हिशेब मांडून नव्हे. आपल्याकडे वारसाचे वाद पेटतात, तेव्हा एवढं जरूर आठवावं.