शेकडा दहाचे कोडे

'डिझेल' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की ते एका माणसाचे आडनाव आहे हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसला जर्मन आईबापांच्या पोटी जन्मला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. मुलगा आउग्सबुर्गला नातलगांकडे शिकला आणि पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तेथे कार्ल लिंडे हे प्राध्यापक उष्णताशास्त्र शिकवीत. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागच कामी लावते, बाकी सारी वाया जाते, असे त्यांनी वर्गात सांगितले. डिझेलच्या मनातून तो आकडा काही केल्या जाईना.

पण पोटापाण्याचे काय? १८८० मध्ये परीक्षा झाल्यावर त्याने लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी धरली. ती सांभाळून अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. वर्षे गेली, पण ते साधले नाही. मग दुसरी कल्पना सुचली: हवाच इतकी दाबायची, की तिच्या तापाने इंधन आपोआप पेटावे! १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने जागा व कारागीर दिले, क्रुपने पैसा पुरवला. तरी १८९३ चे पहिले यंत्र स्वतःच्या बळावर चालेना. कागदावरचा सिद्धांत जसाच्या तसा लोखंडात उतरत नाही, हे ओळखून डिझेलने आपलेच गणित बदलले. फेब्रुवारी १८९४ मध्ये यंत्र चालले, ते जेमतेम मिनिटभर! फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या यंत्राची चाचणी घेतली. आकडा निघाला शेकडा सव्वीस.

म्हणजे पदवीपासून उत्तरापर्यंत सतरा वर्षे लागली. या उत्तराने त्याला कीर्ती आणि पैसा दिला, पण स्वास्थ्य दिले नाही. कर्जात बुडालेला डिझेल १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे इंजिन मात्र जगभर गेले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि आपल्या विहिरींवर त्याच तत्त्वावरचे पंप धडधडू लागले.

आज जहाजांवरची मोठी डिझेल इंजिने शेकडा पन्नासच्या आसपास पोचली आहेत. उरलेल्या निम्म्या उष्णतेचे काय करायचे, आणि धुराचे काय, ही कोडी आता वर्गात बसलेल्या मुलांसाठी आहेत. त्यांनी सतरा वर्षांची तयारी ठेवावी. आणि आपण, त्यांना तेवढी वर्षे द्यावीत.