काळीची शिळा

चिटगुप्प्याच्या शिवारात राखण करणारे कुत्रे धन्याला जपते ते भाकरीपायी की मायेपोटी, हा प्रश्न जुनाच आहे. शेजारच्या कलबुरगी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. त्यांचा मांडलिक गंगराजा बूतुग याने तक्कोलमच्या लढाईनंतर, इ. स. 949च्या सुमारास, मणलेर या वीराला वर मागण्यास सांगितले. त्याने राजाचे ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे रानडुकराशी झुंजताना ते मेले. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे त्याची शिळा उभी राहिली. तिला जमीनही मिळाली.

धन्याची माया अशी कोरली गेली, कुत्र्याची? 2015 साली जपानी संशोधकांना आढळले, की दोघे एकमेकांकडे पाहत राहिले, म्हणजे माता-बालकाच्या मायेशी निगडित असलेले संप्रेरक दोघांच्याही अंगी वाढते. तेव्हा कुत्रे पाळणाऱ्याने भाकरीबरोबर सहवासही द्यावा.